बारशाला आत्या हवी

नेपरव्हिल
रविवार, ९ मार्च २०२५

मालू,

पाकीट फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, माझ्या ईमेल कुठे जातात देव जाणे. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून कुणी काढलेली नाही, म्हणून सहा वर्षांनी तुझ्यासाठी पेन हातात घेतलंय. अक्षर बघ काय झालंय. तुझ्या टेक्सासात, फ्रिस्कोला पोचेपर्यंत वाचता आलं म्हणजे मिळवली.

तर बातमी अशी, की मी आजी झाले. परवा शुक्रवारी सकाळी इशिताला मुलगी झाली. सात पौंड दोन औंस. देवांगचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते, ते तसेच चाळणीत सोडून निघाले. बाहेर ताजा बर्फ पडलेला, अतुल म्हणाला आधी ड्राइव्हवे साफ करू दे, मी म्हटलं तू कर साफ, मी चालत निघाले. खरंच निघाले होते. कोपऱ्यावरून त्याने मला गाडीत घेतलं. हॉस्पिटलात पोचल्यावर कळलं की एका पायात माझा बूट आहे आणि एका पायात त्याचा.

मालू, काय पोर आहे म्हणून सांगू. नाक आपल्या बाबांचं. बोटं इतकी लांब की नर्स म्हणाली पियानो शिकवा. माझं बोट जे धरलं ते सोडेचना. रंग गोरापान. डोळे अजून नीट उघडत नाहीत, पण घारे असणार असं मला वाटतंय, इशिताकडे सगळेच घारे. जावळ म्हणशील तर भरपूर. खोलीत उजेड कमी होता, त्यामुळे बाकी काही नीट दिसलं नाही.

आता मुद्द्याचं. बारसं मे अखेरीस, मेमोरियल डेच्या वीकेंडला करायचं ठरतंय, तोवर इशिताचे आईवडील चिपळूणहून येतील. बारशाला पाळणा लागतो, घुगऱ्या लागतात आणि बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. देवांगला सख्खी बहीण नाही. अतुल एकुलता एक, त्यामुळे चुलत कुणी नाही. साऱ्या गोतावळ्यात त्याला एकच बहीण आहे, ती म्हणजे तुझी अनन्या. मावसबहीण झाली म्हणून काय झालं, आत्या ती आत्याच. इशिताची आई म्हणत होती की आमच्याकडची कुणी तरी उभी करू, मंडळातली कुणी मैत्रीण उभी करू. मी म्हटलं, मुळीच नाही. आत्या आहे, टेक्सासला आहे, येईल.

त्या लग्नातल्या प्रकाराबद्दल आता किती दिवस धरून बसणार आहेस? मी काही वाईट चिंतून केलं नव्हतं. आणि पोर स्वतः किती खूश झाली होती, तूही ऐकलं होतंस. तेवढं आठव आणि तिला पाठव. तूही ये. ब्रायनलाही आण.

वाट बघते.

तुझी ताई


नेपरव्हिल
रविवार, २३ मार्च

मालू,

तुझं उत्तर नाही. रोज पेटी उघडते, आत पिझ्झाची कुपनं आणि छपराच्या पन्हळी साफ करणाऱ्यांची पत्रकं. अतुल म्हणतो, अगं तिला श्वास तरी घेऊ दे. मला धीर म्हणून नाहीच, तुला ठाऊक आहे.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चोरली. खोलीत उजेड भरपूर होता.

पोरीचे केस लाल आहेत. तांबूस नाही, पिंगट नाही, उन्हात धरलं तर भुवयासुद्धा चमकतात. नर्सने टोपी काढली आणि मला दिसलं, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे सरळ अनन्या उभी राहिली. तू तिला घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे आलीस ना, पिवळ्या झबल्यात, तशीच. मी तिथल्या तिथे खुर्चीत बसले. इशिताला वाटलं आजीला आनंदाने भरून आलं. भरून आलंच होतं, पण नुसत्या आनंदाने नाही.

आता आमच्याकडे जो येतो तो बाळाच्या डोक्याकडे बघतो. मंडळातल्या प्रतिमाकाकू म्हणाल्या, जावळ काढलं की काळे येतील. वीणा म्हणाली, खोबरेल तेल चोळा, अंगात लोह कमी असलं की असं होतं. एकजण तर देवांगला डोळा मारून म्हणाला, काय रे, हॉस्पिटलात अदलाबदल तर नाही झाली? देवांग हसला. इशिता हसली नाही. ती खोलीत गेली आणि तिने बाळाला टोपी घातली. घरात हीटर चालू, पोर घामाघूम, तरी टोपी काढेना. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला माझीच लाज वाटत होती, कारण त्या सगळ्यांची वाक्यं माझीच होती. अनन्याच्या वेळी मी प्रत्येक वाक्य बोलले होते. लोहाचं सिरप तर मी तुला कुरियरने पाठवलं होतं.

डॉक्टरीण बाईंना मी विचारलं. म्हटलं, हे आलं कुठून? तिने शांतपणे सांगितलं, असे केस यायचे तर आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून यावं लागतं, एका बाजूने भागत नाही. इशिताकडे एक आजी होती म्हणे तशी. आणि देवांगकडून? ती माझ्याकडे बघत होती. मी पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागले.

म्हणजे अनन्याचेही नुसते ब्रायनकडून आले नाहीत, मालू. आपल्याकडूनही आले. आणि इतकी वर्षं मी शंभर माणसांना सांगत होते की वडिलांकडचे आहेत, आमच्यात कुणी नाही तसं.

लग्नातलं आता सरळ लिहिते, एकदा तरी. तू ब्रायनला आणायला एअरपोर्टला गेली होतीस. अनन्या नऊ वर्षांची, करवली म्हणून दिवा घेऊन देवांगच्या मागे उभी राहणार, म्हणजे प्रत्येक फोटोत येणार. मी तिला वर बाथरूममध्ये नेलं, म्हटलं, चल आपण मम्माला सरप्राइज देऊ, आणि कपाटातलं खोकं काढून तिचे केस काळे केले. चाळीस मिनिटं ती न हलता स्टुलावर बसली होती. आरशात बघितलं आणि इतकी हसली. म्हणाली, मावशी, आता मला शाळेत कुणी किक नाही मारणार.

तू एअरपोर्टहून परत येऊन दारात उभी होतीस. तुला तेव्हाच कळलं की तिला शाळेत मारतात. आणि मला काय ऐकू आलं? की पोर खूश आहे. सहा वर्षं मी लोकांना तेवढंच सांगितलं. पुढचं वाक्य गाळून.

तिला पाठव. त्या बाळाला तिची गरज आहे. खरं म्हणजे मलाच आहे.

ताई


नेपरव्हिल
रविवार, १३ एप्रिल

मालू,

तुझा मेसेज आला. दोनच शब्द, "आता का?" पण आला, म्हणजे अनब्लॉक केलंस. मी लंचरूममध्ये होते, हातात केचपची बाटली, आणि वाचता वाचता ती माझ्याच अंगावर पिळली गेली. समोर दुसरीतली पोरं. एकीने मला नॅपकिन दिला.

फोनवर उत्तर द्यायला बोटं धजत नव्हती, म्हणून पुन्हा कागदच.

मी आता इथल्या एका शाळेत लंचरूम सुपरव्हायझर आहे, तुला माहीत नसेल. दुधाचे खोके फोडून द्यायचे, सांडलेलं पुसायचं, भांडणं सोडवायची. गेल्या नोव्हेंबरात एक दिवस बघते तर दुसरीतली एक मुलगी, लाल केसांची, दोन वेण्या, टेबलाशी बसून हसतेय. हसतेय आणि डोळ्यांतून पाणी. वाकून बघितलं तर टेबलाखालून चार जणं तिच्या नडग्यांवर लाथा मारताहेत. आळीपाळीने. मी ओरडले तर एक कार्टं म्हणतं, इट्स ओके मिस शायला, आज लाल केसवाल्यांना लाथ मारायचा दिवस असतो. मोठ्या भावाने सांगितलं म्हणे. आणि ती मुलगी काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, मला लागत नाही, ते जोक करतायत.

मी रिपोर्ट लिहिला, प्रिन्सिपॉलपाशी जाऊन उभी राहिले, चौघांच्या आयांना बोलावणं गेलं. सगळं केलं. घरी येऊन मात्र स्वयंपाक सुचेना. अनन्या त्या स्टुलावर हसली होती ती तशीच. तेव्हाच पत्र लिहायचं होतं, पण सुरुवात काय करू ते कळेना. नात झाली आणि सबब मिळाली. "आता का" चं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं कुणालाच ठाऊक नाही. अतुललाही नव्हतं, पस्तीस वर्षांच्या संसारात.

तुला आईची ती लोखंडी कढई आठवते? दर रविवारी तिच्यात आवळकाठी भिजवलेली असायची, काळाकुट्ट चिखल. आणि आई तो माझ्या डोक्यावर थापायची. तू पाच-सहा वर्षांची असशील, पाटावर बसून बघायचीस. आई तुला सांगायची, ताईचं डोकं दुखतं गं, औषध आहे. तू मला फुंकर घालायला यायचीस.

मालू, माझं डोकं कधीच दुखत नव्हतं.

तू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तू कळती झालीस तोवर मी काळी झालेली होते. माझे केस जन्मापासून अनन्यासारखे. शाळेत मला तांबडी म्हणायचे, ते चालून गेलं असतं. पण मोठी माणसं हसत हसत विचारायची, ही कुठल्या साहेबाची? आईसमोर विचारायची. घाऱ्या डोळ्यांचं आपल्याकडे किती कौतुक, मुलगी घारी-गोरी आहे म्हणून पत्रिकेबरोबर लिहून धाडतात. तेच रक्त केसांत दिसलं की बाईच्या चारित्र्यावर घसरतात. आई एक शब्द बोलायची नाही. कढई काढायची. मला वाटायचं, माझ्यामुळे आईला लोक बोलतात. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः खोकी आणायला लागले आणि आजवर थांबले नाही. दर तीन आठवड्यांनी, दार लावून. अतुलला वाटायचं सगळ्या बायका पांढऱ्यासाठी लावतात तशी मीही लावते.

त्या दिवशी अनन्याच्या डोक्याला लावलं ते माझंच खोकं होतं. मला तिला सुंदर वगैरे करायचं नव्हतं. भर मांडवात कुणीतरी विचारेल, ही कुठल्या साहेबाची, असं मला वाटलं. आणि साहेब तर समोरच सूट घालून उभा होता, तिचा सख्खा बाप, कुणी काय विचारणार होतं? भीतीला एवढं सुचत नाही. आईने जे मला केलं ते मी तुझ्या लेकीला केलं. आईला निदान कारण होतं. मला काय होतं?

नात झाली त्या दिवसापासून मी रंग लावलेला नाही. वर सगळं पांढरं निघतंय. पण मानेपाशी, मालू, खाली मानेपाशी अजून लाल आहे. परवा अतुल चहा पिता पिता मागून म्हणाला, शैला, तुझ्या मानेला काहीतरी गंजल्यासारखं दिसतंय. मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, पस्तीस वर्षं टॉवेल कशाने खराब होतात ते मी विचारत होतो.

माझी चूक झाली. मनापासून सांगते, नुसतं लिहायचं म्हणून नाही. ती मला अनन्याला तोंडावर सांगायची आहे.

ताई


नेपरव्हिल
रविवार, ११ मे

मालू,

येतेय. अनन्या येतेय. तुझा फोन ठेवला आणि मी घरभर नुसती फिरतेय, काय शोधतेय तेच कळत नाही. देवांगला सांगितलं तर तो पोरीला कडेवर घेऊन नाचला. इशिताने लगेच टोपी काढून ठेवली, म्हणाली, आत्या येणार असेल तर आता कशाला. मी ती टोपी उचलून माझ्या कपाटात तळाशी टाकली.

तू येणार नाहीस म्हणालीस. "अजून नाही" म्हणालीस. ते मी ऐकलं, त्यातलं "अजून" जास्त ऐकलं. आग्रह करत नाही. बघ, मी आग्रह करत नाही, कॅलेंडरवर लिहून ठेव.

तुझी अट मान्य. तिच्या केसांना कुणी हात लावणार नाही, केसांबद्दल कुणी बोलणार नाही. मी तर पुढचंही बघून ठेवलंय. कानात नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ना, ते बंद. ज्या पोरीला शाळेत लाथा मारल्या तिला आपल्या घरात वाकवून पाठीत मारायचं? माझ्या जिवंतपणी नाही. मी पंचवीसच्या पंचवीस घरी फोन केले. प्रतिमाकाकूंना दोनदा केला, कारण त्यांचा हात जड. म्हणाल्या, अगं पण ती गंमत असते. मी म्हटलं, लंचरूममधली पोरंही हेच म्हणाली होती.

काल डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांत गेलो होतो. पार्किंगसाठी चार चकरा, मग अतुल गाडीतच बसला आणि मी एकटी सुटले. पाळण्याला लावायच्या झालरी, छोले, बाळासाठी काळे मणी, आणि अनन्यासाठी परकर-पोलकं की सलवार की काय ते कळेना म्हणून तिन्ही. आत्याचा मान असतो. पंधरा वर्षांची मुलगी यातलं काही घालत नसेल तर परत करीन.

बारशाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ती ओ'हेअरला उतरेल. मी दोन तास आधी जाऊन बसणार आहे. अतुल म्हणतो, तू गेल्याने विमान लवकर येत नाही.

नाव काय ठेवायचं ते आत्या ठरवते, तिला सांग. देवांग-इशिताने तीन निवडली आहेत, त्यातलं तिला आवडेल ते. कुणाला आधी सांगायचं नाही, तुलाही नाही.

मालू, मला भीती वाटतेय. तिच्यासमोर मी काय तोंडाने उभी राहू? चिठ्ठी लिहून पाठ करतेय.

ताई


नेपरव्हिल
सोमवार, २६ मे

मालू,

हे पत्र अनन्याच्या बॅगेत, तिला सांगून ठेवतेय. चार वाजताची फ्लाइट आहे, ती वर इशिताकडे बाळाला झोपवतेय आणि मी डायनिंग टेबलावर पळत पळत लिहितेय. फोनवर तिने तुला सांगितलंच असेल, पण तिने सांगितलेलं आणि मी सांगितलेलं वेगळं. पहिल्यापासून सांगते.

शुक्रवारी ती दारातून बाहेर आली. अगं केवढी उंच झाली आहे, आणि केस मोकळे, कमरेपर्यंत. लोक वळून बघत होते. तिने कुणाकडे बघितलं नाही. माझी पाठ केलेली चिठ्ठी कुठल्या कुठे गेली. ती वाकून मला नमस्कार करायला लागली, एअरपोर्टच्या मधोमध, बॅगा घेऊन लोक बाजूने जातायत, आणि मी तिला वाकूच देईना. म्हटलं, थांब, आधी मी. अनन्या, मी तुझे केस रंगवले ते चुकलं. तुला न विचारता, खोटं बोलून. सॉरी बेटा.

ती काय म्हणाली ऐक. म्हणाली, "मावशी, आय थॉट इट वॉज मी. मी ते किकचं बोलले म्हणून मम्मा आणि तू भांडलात."

सहा वर्षं ती पोर हे मनात घेऊन बसली होती, मालू. तुलाही माहीत नव्हतं ना? मी तिला तिथेच सांगितलं, तू खरं बोललीस, म्हणून तर आईला कळलं, नाहीतर कुणाला कळलं असतं. भांडण माझ्यामुळे झालं. तुझ्यामुळे नाही, तुझ्या केसांमुळेही नाही. तिने दोनदा विचारलं, शुअर? मी म्हटलं, शुअर. मग मी पाठ फिरवून मानेवरचे केस वर धरले. "नो वे. यू टू?" आणि मग मला विचारते, "कॅन आय टच?" लाव म्हटलं, लाव. तू अट घातलीस तिच्या केसांना हात लावायचा नाही म्हणून, आणि तिने परवानगी मागून माझ्या केसांना हात लावला. गाडीत बसेपर्यंत तिने त्यांचे तीन फोटो काढले होते.

आता शनिवार. घर माणसांनी गच्च. पाळणा सजवलेला, घुगऱ्यांचं पातेलं तयार. अनन्या परकर-पोलक्यात, केसांची एक जाड वेणी स्वतः घातलेली, त्यात मोगरा. कुणी केसांबद्दल अवाक्षर काढलं नाही, मी दारातच प्रत्येकाला डोळ्यांनी दम भरला होता. बाळाला पाळण्यात ठेवलं. इशिताने हाक मारली, आत्याबाई, या. अनन्या पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि कुर्र केलं. इतकं मोठं की पोर दचकली, पण रडली नाही. मग हळूच नाव सांगितलं. आणि वाकलेलीच राहिली.

सगळ्या बायका हाताची घडी घालून उभ्या, माझ्याकडे बघतायत. पोर अजून वाकलेलीच. खांदे घट्ट आवळलेले, डोळे मिटलेले. मला वाटलं चक्कर आली की काय. पुढे झाले तर ती ताठ झाली आणि मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. चेहरा असा उतरलेला.

म्हणाली, "दॅट्स इट?"

मी म्हटलं, हो बेटा, झालं, छान केलंस.

म्हणाली, "पण मला कुणी मारलं नाही."

तिने यूट्यूबवर बारशाचे व्हिडिओ बघितले होते, मालू. आठवडाभर बघत होती म्हणे. आत्याला पाठीत मारतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ती वाट बघत वाकली होती. मग ती अगदी हळू आवाजात मला म्हणाली, "मावशी, सगळ्या आत्यांना मारतात. मला का नाही? इज इट बिकॉज ऑफ माय हेअर? मी रियल आत्या नाही का?"

तिला जपायला म्हणून मी पंचवीस फोन केले, आणि नेमकं तेच केलं जे शाळेत करत होते, तिला सगळ्यांतून वेगळं काढलं. मी तोडकंमोडकं सांगितलं, की तुला शाळेत लाथा मारायचे ना, म्हणून मीच सगळ्यांना नको म्हटलं. सगळ्यांसमोर सांगितलं, लपवायचं आता काही उरलंच नव्हतं.

ती मग म्हणाली, "ते वेगळं होतं, मावशी. त्यांना मी नको होते. हे तर आत्या आहे म्हणून मारतात ना?"

हो, म्हटलं.

"मग मार ना." आणि पुन्हा पाळण्यावर वाकली.

माझा हात वर गेला आणि वरच राहिला. मला मारवेना. ज्या हाताने तिच्या डोक्याला काळं फासलं तोच हात. कसाबसा टेकवला तिच्या पाठीवर, तर पोर मान वळवून म्हणते, "हा काय? हार्डर." मग मात्र मी एक सणसणीत घातला. ती हसली, मालू. त्या स्टुलावर हसली होती तसं नाही. पोट धरून, पाळण्याची कड धरून. मग काय, प्रतिमाकाकू बाह्या सरसावून पुढे आल्या, वीणा आली, इशिताची आई आली, रांगच लागली. तिची पाठ लाल झाली आणि ती मोजत होती, मराठीत, एक, दोन, तीन. सतरा झाले. सतरानंतर अठरा म्हणायचं की आठरा, यावर थोडी थांबली, तेवढ्यात अजून दोन बसले. इशिता एका बाजूला रडत होती आणि एका हाताने मारत होती.

नाव प्रीता ठेवलं. छान आहे ना? प्रतिमाकाकू जाताना बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, आत्यावर गेली आहे हो. जावळाबद्दल बोलल्या नाहीत.

काल दुपारी मी आणि अनन्या मागच्या अंगणात बसलो होतो. ती मला म्हणाली, "मावशी, मम्मा कधी येणार?" मी म्हटलं, येईल, अजून नाही म्हणाली आहे. ती म्हणाली, मी तिला काय सांगू? मी म्हटलं, मीच लिहिते.

तर ऐक. तू शहाणी आहेस, तुझी मी समजूत घालत नाही. माझी सहा वर्षं गेली ती माझ्या कर्माने, पण तुझी आणि पोरीचीही गेली, त्याचं काय करायचं ते मला खरंच कळत नाही. माफ कर असं मी अनन्याला म्हटलं, तुलाही म्हणते. ते कागदावर पुरत नाही हेही कळतंय.

शनिवारी सगळ्या बायकांनी धपाटे घातले, तू नव्हतीस. तुझा एक शिल्लक आहे. तो अनन्याच्या पाठीत नाही, माझ्या. ये आणि घाल. मी वाकून उभी राहीन, आणि टेकवलास तर चालणार नाही, जोरात घालायचा.

वरून हाक मारतेय, निघायला हवं. बोर्डिंग पासचा प्रिंट अतुलने दोन प्रतींत काढलाय, एक हरवला तर म्हणून. मोगरा तिने वेणीतच ठेवलाय, सुकला तरी काढू नकोस म्हणते.

ताई